आयएमआर, एमएमआर, पी व्हॅल्यू: पीएसएमच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा जवळ आली की दरवर्षी पीएसएमचे, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक या विषयाचे, तेच तेच प्रश्न येतात. एमबीबीएसवाले विचारतात, नर्सिंगवाले विचारतात, बीएएमएसला स्वस्थवृत्त असलेले विचारतात, आणि आता पेपरात बातमी वाचून घरचेपण विचारायला लागलेत की हा मृत्युदर म्हणजे नक्की काय हो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सूत्रं पाठ होत नसतील तर निदान एक सवय लावून घ्या, कुठलाही आकडा दिसला की आधी छेद बघा. वरचा अंश सगळेच सांगतात, खाली कोण बसलंय ते कुणी सांगत नाही आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

रेट, रेशो आणि प्रपोर्शन, तिन्हीत फरक काय?

प्रपोर्शनमध्ये अंशातली माणसं छेदातही असतात. ओपीडीत १०० पेशंट आले, त्यातले ३० डायबेटिसचे, झालं ३० टक्के. रेशोमध्ये अंश आणि छेद वेगवेगळे गट असतात, एकमेकांत मोडत नाहीत, जसं हजार पुरुषांमागे किती बायका. रेटमध्ये काळ येतो, म्हणजे इतक्या लोकांत एका वर्षात किती घटना घडल्या. लोकसंख्या वर्षभर बदलत असते म्हणून छेदात १ जुलैची, म्हणजे वर्षाच्या मधली लोकसंख्या धरतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बरेच जण रेट सांगतात आणि काळच सांगत नाहीत, तिथेच मार्क जातात.

मग एमएमआरला, म्हणजे माता मृत्यूच्या आकड्याला, रेट म्हणायचं की रेशो?

रेशो. अंशात मेलेल्या आया, छेदात जिवंत जन्मलेली बाळं, आणि तेही हजारामागे नाही, एक लाख जिवंत जन्मांमागे. गर्भपातात किंवा मेलेलं मूल जन्मल्यावर बाई गेली तर ती अंशात येते पण तिचं बाळ छेदात येत नाही, मग हा रेट कसा होईल? माता मृत्यूचा खरा रेट काढायचा तर छेदात १५ ते ४९ वयाच्या बायका घ्याव्या लागतात.

माता मृत्यूची व्याख्या पक्की ठेवा: गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत झालेला मृत्यू, कारण गरोदरपणाशी किंवा त्याच्या उपचारांशी जोडलेलं हवं. गरोदर बाई एसटीच्या अपघातात गेली तर ती यात धरत नाहीत. २०१८-२० चे आकडे भारत ९७, महाराष्ट्र ३३, केरळ १९, आसाम १९५. शाश्वत विकासाचं जागतिक ध्येय २०३० पर्यंत ७० च्या खाली यायचं आहे, म्हणजे महाराष्ट्र तेव्हाच खाली होता आणि आसामला बरंच चालायचं होतं.

आयएमआरला, म्हणजे अर्भक मृत्युदराला, एवढं डोक्यावर का घेतात?

कारण एका वर्षाच्या आतलं बाळ म्हणजे घरातला सगळ्यात नाजूक जीव. पाणी घाण, आईला रक्त कमी, दवाखाना लांब, रस्ता वाहून गेलेला, यातलं काहीही बिघडलं की पहिला फटका त्याला बसतो. म्हणून आयएमआर बघून त्या भागाचा अंदाज येतो. २०२० चा देशाचा आयएमआर हजार जिवंत जन्मांमागे २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६, मध्य प्रदेशचा ४३.

पण आत डोकावून बघा. त्याच वर्षी देशाचा नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतला, २० होता. २८ पैकी २० बाळं पहिल्या महिन्यातच जातात आणि उरलेल्या अकरा महिन्यांत फक्त ८. त्यामुळे नुसते जुलाब आणि न्यूमोनियावर काम करून हा आकडा आता फार हलत नाही, बाळंतपण आणि पहिला आठवडा सांभाळावा लागतो. हे गडचिरोलीत आधीच दाखवून झालंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळ बघायला लावलं, तुलनेला ४७ गावं ठेवली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी आले. १९९९ ला ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी वजनकाटा घेऊन घरी येते ना, तिच्यामागे हे काम आहे. आणि हा प्रयोग मोजता आला कारण दोन्हीकडच्या गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नीट लिहिला जात होता.

आमच्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) आयएमआर यंदा डबल झाला, तालुक्याच्या मीटिंगला काय उत्तर देऊ?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात बिचाऱ्या एमओला, म्हणजे तिथल्या डॉक्टरला, उगाच झापतात. गणित मांडू. सपाट भागातली पीएचसी, लोकसंख्या ३०,०००. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ धरला (२०२० चा आहे) तर वर्षाला ४५० जन्म. आयएमआर १६ धरला तर साधारण ७ अर्भक मृत्यू अपेक्षित. अपेक्षित म्हणजे दरवर्षी बरोब्बर सातच होतील असं नाही. कामात काहीही फरक न पडता एखाद्या वर्षी ३ होतील, एखाद्या वर्षी १२. नुसत्या योगायोगाने २ ते १३ एवढी हालचाल अगदी नॉर्मल आहे. मागच्या वर्षी ५ झाले तेव्हा आयएमआर ११, यंदा १० झाले तर २२. डबल! मागच्या वर्षी सत्कार आणि यंदा नोटीस, आणि दोन्ही वेळी काम तेच.

एमएमआरचं तर आणखीच वाईट. ४५० जन्मांना लाखामागे ३३ म्हणजे वर्षाला ०.१५ मृत्यू, सहा-सात वर्षांतून एक. ज्या वर्षी तो एक होतो त्या वर्षी पीएचसीचा एमएमआर २२२ आणि बाकीच्या वर्षी शून्य. म्हणून तर देशाचा एमएमआरसुद्धा तीन वर्षं एकत्र करून काढतात. पीएचसी लेव्हलला रेट काढत बसू नका, प्रत्येक मृत्यूची चौकशी करा, कुठे उशीर झाला, घरी, रस्त्यात की दवाखान्यात, ते शोधा. मीटिंगला तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र करून न्या. साहेब ऐकतील याची गॅरंटी मी देत नाही.

जाता जाता, याच ४५० मध्ये गर्भपात वगैरे धरून १० टक्के मिळवले की वर्षाच्या अपेक्षित गरोदर मातांची संख्या मिळते, ४९५. परीक्षेत हे हमखास येतं आणि लोक १० टक्के मिळवायला विसरतात.

लसीकरण १०८ टक्के कसं काय होतं?

छेद चुकतो म्हणून. अंशात खरोखर टोचलेली मुलं, छेदात वरून आलेलं टार्गेट, आणि ते टार्गेट जनगणनेवरून पुढे ताणलेल्या लोकसंख्येवर काढलेलं. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, २०२१ ची झालीच नाही. इतक्या वर्षांत तुमच्या भागात एमआयडीसी आली, बिल्डिंगी उभ्या राहिल्या, ऊसतोडीला माणसं गेली आली, त्या कागदाला काय माहीत. त्यात माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलींची बाळं इथे टोचली जातात आणि सासरच्या पीएचसीच्या टार्गेटमध्ये मोजली जातात. १०८ टक्के दिसलं की पेढे वाटू नका, गोवरासाठी खरंखुरं ९५ टक्के लागतं आणि १०८ च्या आत एखादी वीटभट्टी पूर्ण राहून गेलेली असू शकते.

केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त, हे छपाईची चूक आहे का?

नाही, बरोबर आहे. २०२० चा ढोबळ मृत्युदर केरळ हजारी ७.०, बिहार ५.४. केरळात साठीच्या पुढच्या माणसांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, बिहारमध्ये पोरंटोरं जास्त. म्हातारी माणसं जास्त असली की मृत्यू जास्त होणारच, त्यात दवाखान्यांचा दोष नाही. म्हणून दोन राज्यांची तुलना करायची तर वयानुसार दर काढायचे, मग दोन्हीकडे वयाची एकच ठरावीक रचना आहे असं मानून नव्याने दर मांडायचा. याला एज स्टँडर्डायझेशन म्हणतात. ढोबळ दरावरून राज्यांची क्रमवारी लावणारी बातमी दिसली तर पान उलटा.

रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, मग तिथे मुलींना जास्त जपतात असं म्हणायचं का?

असं म्हणायला आवडलं असतं, पण २०११ च्या या आकड्यात मुंबई लपलेली आहे. कोकणातला बाप्या नोकरीला मुंबईत, घरी म्हातारी, बायको आणि पोरं. तो मोजला जातो तिकडे, म्हणून त्याच जनगणनेत मुंबई शहराचा आकडा ८३२ आहे. मुलींचं काय चाललंय ते बघायचं असेल तर ० ते ६ वयाचं गुणोत्तर बघा, रत्नागिरीतही ते हजाराच्या खालीच आहे. महाराष्ट्राचं २०११ ला ८९४ होतं आणि बीडचं ८०७.

आणखी एक गैरसमज, जन्माच्या वेळी मुली हजारच हव्यात असं नाही. निसर्गतःच १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. ९५० दिसले तर घाबरायचं कारण नाही. ८०७ मात्र निसर्ग करत नाही, ते सोनोग्राफीच्या खोलीत होतं, गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ पासून असूनसुद्धा.

इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्स दर वेळी उलटे होतात, काही युक्ती?

विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. दादरला जे नवीन चढले ते इन्सिडन्स, म्हणजे नवे पेशंट. गाडी सुटताना डब्यात एकूण जेवढे कोंबलेले ते प्रिव्हॅलन्स, म्हणजे नवे-जुने सगळे पेशंट. उतरले ते एकतर बरे झाले नाहीतर गेले. सर्दीवाले पुढच्याच स्टेशनला उतरतात, म्हणून चढणारे कितीही असले तरी डबा रिकामा वाटतो. डायबेटिसवाले थेट विरारपर्यंत, त्यामुळे डबा भरतच जातो. यालाच सूत्रात प्रिव्हॅलन्स म्हणजे इन्सिडन्स गुणिले आजाराचा कालावधी असं लिहितात.

म्हणून प्रिव्हॅलन्स वाढला की वाईटच, असं नसतं. १९२२ ला इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं, तोवर लहान वयातला डायबेटिस म्हणजे थोड्याच दिवसांचा खेळ, इन्सुलिननंतर माणसं जगायला लागली आणि पेशंट ‘वाढले’. एचआयव्हीच्या गोळ्यांनीपण तेच झालं. कारणं शोधायची आणि प्रतिबंध जमतोय का बघायचं तर इन्सिडन्स, खाटा आणि औषधं किती लागतील ते ठरवायचं तर प्रिव्हॅलन्स. टीबीचा भारतातला इन्सिडन्स २०१५ ला लाखामागे २३७ होता, २०२३ ला १९५ असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

केस फॅटॅलिटी आणि मृत्युदर एकच ना?

नाही. पहिल्याच्या छेदात फक्त आजारी माणसं, दुसऱ्याच्या छेदात सगळं गाव. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास १०० टक्के मृत्यू, पण पूर्ण जिल्ह्याच्या लोकसंख्येत रेबीजचा मृत्युदर अगदी बारीक दिसतो. कुत्रा चावल्यावर कुठला आकडा लक्षात ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

स्वातंत्र्याच्या सुमाराला सरासरी आयुर्मान ३२ होतं, म्हणजे लोक तिशीत म्हातारे व्हायचे का?

छे. तुमच्या पणजीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आठ बाळंतपणं, जगले चार. शून्य, एक, दोन वर्षांचे इतके मृत्यू सरासरीत मिसळले की ती खाली ओढली जाते. पाच वर्षांचं झालेलं मूल तेव्हाही सरासरी पन्नाशीच्या आसपास पोचायचं. २०१६-२० मध्ये भारताचं आयुर्मान ७०.० वर आलं, त्यात मोठा वाटा मुलं जगण्याचा आहे.

मध्य, मध्यक, बहुलक, दहावीतलंच आहे ना हे?

दहावीतलंच आहे, फक्त आता पेशंटवर वापरायचं. सात जण वॉर्डात किती दिवस राहिले: २, २, ३, ३, ३, ४, २५. मध्य म्हणजे सरासरी ६, मध्यक म्हणजे मधोमध बसणारा ३, बहुलक म्हणजे जास्त वेळा येणारा ३. आता मला सांगा, सहा दिवस राहिलेला माणूस यात कुठे आहे? एकच २५ वाला सगळ्यांना ओढून नेतो. म्हणून पगार, वॉर्डातले दिवस, इन्क्युबेशन पिरियड (लागण ते लक्षणं यातले दिवस) अशा एका बाजूला झुकलेल्या आकड्यांना मध्यक वापरतात.

एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) प्रत्यक्षात कुठे लागतो? की नुसता पेपरापुरता?

अंगणवाडीत लागतो, रोज. ताई मुलाचं वजन आणि उंची घेऊन जो तक्ता बघते त्यातल्या रेषा एसडीच्याच आहेत. उंचीच्या मानाने वजन उणे २ एसडीच्या खाली गेलं तर मूल लुकडं, उणे ३ च्या खाली गेलं तर सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. तक्ता नसेल तर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावतात, ११.५ सेंटीमीटरच्या खाली आली तर सॅमच.

नॉर्मल कर्व्हमध्ये मध्यापासून दोन्हीकडे १ एसडीत ६८ टक्के, २ एसडीत ९५ टक्के, ३ मध्ये ९९.७. म्हणजे व्यवस्थित खाऊनपिऊन असलेल्या मुलांतसुद्धा उणे २ च्या खाली सुमारे २.३ टक्के असणारच, काही पोरं अंगानेच बारीक असतात. पण २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात हे प्रमाण २५.६ टक्के निघालं. अपेक्षेच्या अकरा पट, ही सगळी काही अंगाने बारीक नाहीत. आणि यात मेळघाट, नंदुरबारच नाही, पूर्ण राज्य आलं.

स्टँडर्ड एरर वेगळा बरं का. एसडी मुलामुलांतला फरक सांगतो, एरर तुमच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा ते सांगतो. एसडीला सँपलच्या वर्गमुळाने भागलं की एरर. सँपल चौपट केलं तर एरर निम्मा, एवढं पुरे.

९० टक्के सेन्सिटिव्ह टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार असायची शक्यता ९० टक्के?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, मोठे मोठे डॉक्टरपण. सेन्सिटिव्हिटी म्हणजे आजारी असलेल्यांपैकी किती जणांना टेस्ट पकडते, म्हणजे तिच्या छेदात आजारी माणसं असतात, आणि पेशंटचा प्रश्न असतो पॉझिटिव्ह आलेल्यांबद्दल. छेदच वेगळा.

समजा १०,००० लोकांना तपासलं, आजार १ टक्का लोकांना, टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोगी माणसाला बरोबर निगेटिव्ह सांगणं, ९५ टक्के. आजारी १००, त्यातले ९० पॉझिटिव्ह आले. निरोगी ९,९००, त्यातले ५ टक्के म्हणजे ४९५ उगाचच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यात खरे ९०. म्हणजे १५ टक्के! हीच टेस्ट छातीच्या ओपीडीत वापरली जिथे २० टक्क्यांना आजार आहे, तर तिथे १०,००० मागे २,२०० पॉझिटिव्ह येतील आणि त्यात १,८०० खरे, ८२ टक्के. टेस्ट तीच, माणसं बदलली. म्हणून स्क्रीनिंगमध्ये पॉझिटिव्ह आलेल्याला लगेच आजारी म्हणत नाहीत, दुसरी वेगळ्या पद्धतीची टेस्ट करतात. त्या ५८५ वर तेवढीच चांगली दुसरी टेस्ट लावली तर ८१ खरे आणि २५ खोटे उरतात, भरवसा ७६ टक्क्यांवर जातो.

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली म्हणजे सिद्ध झालं?

मित्र म्हणाला मी पाहिजे तेव्हा छापा पाडतो आणि सलग पाच वेळा पाडून दाखवला. नाणं सरळ असेल आणि त्याच्या हातात काही जादू नसेल तरी असं व्हायची शक्यता ३२ त एक, ०.०३. ही झाली पी व्हॅल्यू. आता मित्र खरंच जादूगार आहे हे ९७ टक्के पक्कं झालं का? अजिबात नाही. पी व्हॅल्यू एवढंच सांगते की काहीच फरक नाही असं मानलं तर असा किंवा याहून टोकाचा रिझल्ट योगायोगाने यायला किती वाव आहे. ०.०५ हीसुद्धा वहिवाट आहे, आकाशातून पडलेली नाही. आणि सँपल लाखात घेतलं तर बीपी १ मिलीमीटरने कमी करणारी गोळीपण ‘सिग्निफिकंट’ येते. पेशंटला १ मिलीमीटरचं काय करायचंय? म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, बघा, त्यात फरक केवढा ते दिसतं.

‘मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले’ असं वाचलं की किती खूश व्हायचं?

मुंबईचंच खरं उदाहरण देतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. साध्या शिकवलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच समजा, लावून बघायच्या, पांढरा डाग दिसला की पुढे पाठवायच्या. तपासणी न केलेल्या गटापेक्षा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्त्री-वर्षांच्या हिशोबात (एक बाई एक वर्ष बघितली की एक स्त्री-वर्ष) लाखामागे तिकडे १६.२, इकडे ११.१. म्हणजे प्रत्यक्ष फरक लाखामागे ५.१.

दोन्ही खरं आहे. ३१ टक्के ऐकून वाटतं केवढं मोठं, ५ ऐकून वाटतं एवढंच? औषध कंपनीच्या पत्रकात नेहमी पहिला आकडा असतो आणि खर्चाला नाही म्हणणाऱ्याच्या तोंडी दुसरा. माझ्या मते व्हिनेगरच्या किमतीत लाखामागे पाच बायका वाचत असतील तर सौदा चांगलाच आहे, पण हे मी दोन्ही आकडे बघून म्हणतोय.

रिलेटिव्ह रिस्क कधी, ऑड्स रेशो कधी?

मशेरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायका घेऊन पुढे वर्षानुवर्षं बघत गेलात तर रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे लावणाऱ्यांना धोका किती पट. आधीच तोंडाचा कॅन्सर झालेले आणि न झालेले घेऊन मागे वळून मशेरीबद्दल विचारलंत तर ऑड्स रेशो, कारण दुसऱ्या प्रकारात किती पेशंट घ्यायचे ते तुम्हीच ठरवलेलं असतं, तिथे रिस्क काढताच येत नाही. आजार दुर्मिळ असेल तर दोन्ही जवळपास सारखे येतात.

पीक्यूएलआय (जीवनमानाचा निर्देशांक) आणि एचडीआय (मानव विकास निर्देशांक) यांत काय काय येतं?

पीक्यूएलआयमध्ये आयएमआर, एक वर्षाच्या वयाला अपेक्षित आयुर्मान आणि साक्षरता. पैसा नाही. एचडीआयमध्ये जन्माच्या वेळचं आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. प्रश्न फक्त ‘पैसा कशात नाही’ एवढाच येतो.

हे सगळे आकडे येतात तरी कुठून?

तीन वाटा. एक, एसआरएस, म्हणजे सरकारची नमुना नोंदणी पद्धत. निवडलेल्या गावांत आणि वॉर्डांत एक जण वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो, बऱ्याचदा शिक्षक किंवा अंगणवाडीताई, आणि दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस पहिल्याची वही न बघता घरोघर फिरून स्वतंत्र यादी करतो. मग दोन्ही याद्या जुळवतात, न जुळलेलं पुन्हा तपासतात. जन्मदर, आयएमआर, एमएमआर इथून. दोन, कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, १९९२-९३ पासून, ते मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था बघते, कुपोषण, लसीकरण, ॲनिमिया तिथून. तीन, तुमची आमची जन्म-मृत्यू नोंदणी, १९६९ च्या कायद्याने, २१ दिवसांच्या आत, गावात असाल तर ग्रामपंचायतीत.

तिसऱ्या वाटेला गळती जिथे लागते ती जागा नेहमी तीच. घरी बाळंतपण झालं, बाळ दुसऱ्या दिवशी गेलं, नावही ठेवलेलं नाही, घरच्यांना वाटतं आता कसली नोंद. मग ते बाळ अंशातही येत नाही आणि छेदातही नाही. खरं तर अशा बाळाच्या दोन नोंदी करायच्या असतात, एक जन्माची, एक मृत्यूची, आणि दोन्हीला नाव लागत नाही. मेलेलंच जन्मलं असेल तर त्याचा फॉर्म वेगळा असतो.